हायड्रोजन, पॅलेडियम आणि सूक्ष्मजंतू : दोन संशोधनधारांचा संगम

एखाद्या शोधामागील प्रयोजन आणि कालांतराने त्यातून निघणारे फलित ही एकाच दिशेने जातात, असे विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळते. टाकाऊ द्रव्यांवर सूक्ष्मजंतू पोसून हायड्रोजन मिळवावयाचा आणि त्याच सूक्ष्मजंतूंच्या उरलेल्या पेशींवर मौल्यवान धातूचा उत्प्रेरक घडवावयाचा, ही योजना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रयोगशाळेत आकारास आली. तिचा पाया मात्र ज्यांनी घातला, त्यांच्यापुढे इंधनाचा प्रश्न नव्हता, आणि धातूंच्या टंचाईचाही नव्हता. ही योजना म्हणजे एका धारेचा सरळ विकास नसून, स्वतंत्रपणे वाहणाऱ्या दोन धारांचा उशिरा झालेला संगम होय.

यांपैकी पहिली धारा वायूची. काही सूक्ष्मजंतू फॉर्मिक अम्लाचे विघटन करून हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड मुक्त करतात, हे पेक्स व जॉलिमन यांनी 1901 मध्ये दाखविले होते. परंतु ही क्रिया पेशीतील कोणत्या घटकामुळे घडते, हा प्रश्न तीन दशके अनुत्तरित राहिला. केंब्रिज येथे मार्जरी स्टीफन्सन यांनी तो हाती घेतला. बीटपासून साखर करणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या ऊझ नदीतील सूक्ष्मजंतूंकडे त्यांचे लक्ष गेले होते. लिओनार्ड स्टिकलंड यांच्या सहकार्याने 1931 मध्ये त्यांनी रेणवीय हायड्रोजनला क्रियाशील करणाऱ्या एंझाइमाचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यास ‘हायड्रोजनेझ’ हे नाव दिले. ही क्रिया उभयदिश आहे, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या संयोगाने हायड्रोजन निर्माण करणे, अथवा हायड्रोजनपासून इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते दुसऱ्या पदार्थास देणे, अशा दोन्ही दिशांनी ती चालू शकते. स्टीफन्सन यांचा हेतू ऑक्सिजनविरहित जीवनाचे रसायन समजून घेण्याचा होता. इंधननिर्मितीचा विचार त्यात नव्हता.

यानंतर दोन महत्त्वाच्या शोधांची भर पडली. विशिष्ट परिस्थितीत हरित शैवले प्रकाशात हायड्रोजन सोडतात, असे गाफ्रॉन व रुबिन यांनी 1942 मध्ये सिद्ध केले. 1949 मध्ये गेस्ट व केमेन यांना प्रकाशसंश्लेषी जांभळ्या सूक्ष्मजंतूंतही हाच गुण आढळला. या सूक्ष्मजंतूंत हायड्रोजन मुख्यतः नायट्रोजन स्थिर करणाऱ्या एंझाइमामुळे निघतो. 1973 च्या तेलसंकटानंतर या सर्व ज्ञानाकडे ऊर्जेच्या दृष्टीने पाहण्यास वेग आला. त्या वेळी निसर्गाने घातलेली मर्यादाही स्पष्ट झाली. ग्लुकोजच्या एका रेणूचे पाण्यासह पूर्ण विघटन झाल्यास हायड्रोजनचे 12 रेणू मिळावयास हवेत. पण अंधारात चालणाऱ्या किण्वनात फार तर 4 रेणू, आणि एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या बाबतीत फार तर 2 रेणू मिळू शकतात. बाकीची ऊर्जा सेंद्रिय अम्लांत अडकून राहते.

दुसरी धारा धातूची. वुलस्टन यांनी 1802 मध्ये पॅलेडियम शोधून काढले. हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो, हे टॉमस ग्रॅहम यांनी 1866 मध्ये दाखविले. उत्प्रेरक म्हणून त्याची जी योग्यता आहे, तिचे मूळ हायड्रोजनशी असलेल्या या सलगीत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारींच्या धूरशोधक यंत्रणांत प्लॅटिनम व ऱ्होडियम यांच्यासह पॅलेडियमचाही वापर वाढला, आणि निकामी झालेल्या यंत्रणांतून ते परत कसे मिळवावे, हा प्रश्न उभा राहिला. सूक्ष्मजंतू धातू धरून ठेवतात, हे त्यापूर्वीच लक्षात आले होते. लिन मॅकॅस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या काळात कॅडमियम व युरेनियम यांवर असे प्रयोग केले होते. मात्र तेथे धातू फॉस्फेटाच्या रूपाने साचत असे. त्याचे शुद्ध धातूत रूपांतर होत नसे.

या दोन्ही धारा 1998 मध्ये एकत्र आल्या. त्या वर्षी लॉइड, याँग व मॅकॅस्की यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठातून एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सल्फेटाचे क्षपण करणारा डीसल्फोव्हिब्रिओ डीसल्फुरिकन्स हा सूक्ष्मजंतू विद्रावातील पॅलेडियम-आयनांचेही धातूत क्षपण करतो, आणि त्यात पेशीच्या बाह्य स्तरांतील हायड्रोजनेझचा हात असतो, असा तो निष्कर्ष होता. प्रथम आयन पेशीस चिकटतात. मग हायड्रोजनपासून मिळालेले इलेक्ट्रॉन एंझाइमामार्फत त्यांच्याकडे जातात व धातूचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्यानंतर हे कण स्वतःच हायड्रोजन शोषून पुढील क्षपण घडवू लागतात. येथे स्टीफन्सन यांचे एंझाइम कार्य सुरू करते आणि ग्रॅहम यांनी वर्णिलेला धातूचा गुण ते पुढे चालवितो. पेशी मृत झाली तरी हरकत नसते. ती कणांना विखुरलेले ठेवणारा आधार म्हणून उरते.

इतके कळल्यावर दोन प्रक्रियांची सांगड घालणे शक्य झाले. 2006 मध्ये रेडवुड व मॅकॅस्की यांनी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. पहिल्या टप्प्यात एश्चेरिकिया कोलाय साखरेपासून हायड्रोजन काढतो. उरलेली अम्ले दुसऱ्या टप्प्यात ऱ्होडोबॅक्टर स्फीरॉइडिस या प्रकाशसंश्लेषी सूक्ष्मजंतूस दिली जातात, आणि तो त्यांपासून पुन्हा हायड्रोजन काढतो. याच सुमारास मिठाईच्या कारखान्यातील टाकाऊ नूगा व कॅरॅमल यांवरही एश्चेरिकिया कोलाय वाढविण्यात आला. हायड्रोजन देऊन झालेल्या या पेशी फेकून न देता त्यांच्यावर पॅलेडियम बसवावे, आणि त्यांचा इंधन-घटातील विद्युत्-अग्रासाठी उपयोग करावा, याचा प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या पेशीने वायू दिला, तीच त्या वायूपासून वीज काढणाऱ्या साधनाचा भाग झाली.

या यशाचे मोल करताना दोन बाबी विसरता येत नाहीत. जगातील बहुतांश हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच मिळतो. त्या तुलनेत जैव हायड्रोजनचा वाटा नगण्य आहे. शिवाय निकामी उत्प्रेरकांतील धातू विद्रावात आणण्यासाठी तीव्र अम्ले वापरावी लागतात, व अशा अम्लांत जिवंत पेशींचे एंझाइम टिकत नाही. यावर उपाय म्हणून पेशींवर आधी सौम्य विद्रावातून पॅलेडियमचे बीजकण बसवितात व मगच त्या अम्लमय विद्रावात घालतात. पण त्यामुळे प्रक्रियेची एक पायरी वाढते.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक गोष्ट निश्चित सांगता येते. 1931 मध्ये संशोधनाच्या साहाय्याची कसोटी केवळ तात्कालिक उपयोग ही असती, तर हायड्रोजनेझचा शोध त्या कसोटीस उतरला नसता. आणि तो न लागता, तर 1998 मध्ये पेशीवर धातूचे कण का साचतात, या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावयाचे हेही संशोधकांस कळले नसते.