दुर्मीळ पक्षी कशावरून ठरतो?

हिवाळ्यात तारकर्लीच्या पुळणीवर रापण ओढली जात असली, की जाळ्याच्या मागोमाग पक्ष्यांचीही गर्दी होते. तिच्यात कुरव असतात, सुरय असतात. यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो. आपल्याकडे येतो तेव्हा त्याचे डोके पांढरे झालेले असते. कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. लाटेच्या पुढेमागे धावणारा चिमुकला सँडर्लिंग तर उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून आलेला असतो. कर्ली नदीच्या मुखाकडे गेले, की ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर चिखल्या आणि तुतवार चरताना दिसतात.

हे झाले नेहमीचे पाहुणे. पण एखाद्या हिवाळ्यात भलताच पक्षी दिसतो आणि ‘दुर्मीळ पाहुण्याचे आगमन’ अशी बातमी छापून येते. या बातमीत एक तुलना दडलेली असते. ‘दुर्मीळ’ म्हणजे पूर्वी क्वचितच दिसलेला. मग पूर्वी येथे कोण पाहत होते? केव्हापासून? आणि त्यांनी पाहिलेले आपल्यापर्यंत कसे पोचले? दुर्मीळपणा हा पक्ष्याच्या अंगचा गुण नाही, तो नोंदींवरून ठरतो. म्हणून या किनाऱ्यावरच्या नोंदींचा इतिहास पाहणे उद्‌बोधक ठरेल.

पहिली यादी

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाचे इंग्रज मुलकी अधिकारी होते. त्यांनी केलेली दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शीर्षकातच त्यांनी तिला ‘पहिली यादी’ म्हटले होते. पुढे कुणीतरी दुसरी करावी, ही अपेक्षा त्यात आलीच. व्हिडाल यांचे नाव आजही पक्षिशास्त्रात आहे. झुडपी लाव्याच्या नैर्ऋत्य भारतातील एका उपजातीला ‘विडाली’ हे नाव १९३६ साली त्यांच्यावरूनच देण्यात आले.

‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम चालवीत. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी ते भारतीय पक्षिशास्त्रातले सर्वांत मोठे संग्राहक होते. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून ते नमुने आणि टिपणे मागवीत. भारतातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे हस्तलिखिते जमवली होती. १८८४ च्या सुमारास सिमल्याच्या त्यांच्या घरातून एका नोकराने ती रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. ह्यूम यांनी तो प्रकल्पच सोडला आणि ऐंशी हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिला.

व्हिडाल यांची यादी मात्र छापली गेली होती, म्हणून वाचली. निरीक्षण कितीही चांगले असो, ते एकाच प्रतीत कपाटात पडून राहिले तर त्याचे आयुष्य कागदाइतकेच.

पुरावा आणि त्यातली लबाडी

त्या काळी ‘पक्षी पाहिला’ एवढे म्हणून भागत नसे. दुर्बिणी आजच्या इतक्या चांगल्या नव्हत्या आणि क्षेत्रात वापरता येतील अशी सचित्र पुस्तकेही नव्हती. पक्षी बंदुकीने मारायचा, त्याचे कातडे भुसा भरून जतन करायचे आणि पायाला स्थळ व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधायची, अशी पद्धत होती. आज ती क्रूर वाटते. पण तिचा एक फायदा होता. शंभर वर्षांनंतरही कुणीही तो नमुना पुन्हा तपासू शकतो.

हा फायदा किती मोठा, हे महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणावरून समजते. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले होते. पुढे रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन या ख्यातनाम संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. अमेरिकन शास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. मांडवी बाद झाल्यावर शोध खऱ्या ठिकाणांवर केंद्रित झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. सुमारे ११३ वर्षांनी!

नमुना जपून ठेवला होता म्हणूनच खोटेपणा उघडकीस आला. नोंद खरी असावी हे तर झालेच. पण दुसऱ्याला ती तपासताही यावी.

पायातले कडे

हिवाळी पक्षी येतात कुठून, याचे उत्तर मेलेल्या पक्ष्यावरून मिळत नाही. त्यासाठी जिवंत पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्याला सोडावे लागते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर १९५९ पासून सुरू केले, ते डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. आरोग्य संघटनेला पक्ष्यांत रस का? कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली एका तापाचा विषाणू सापडला होता. रशियातील एका रोगाच्या विषाणूशी त्याचे साम्य होते. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांमधून तो इकडे आला असेल का, ही शंका होती. पक्ष्यांनी तो आणल्याचे सिद्ध झाले नाही; पण हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी पडली आणि त्यांच्या मार्गांची माहिती जमू लागली. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्याला त्रास देणारा ‘माकडताप’ तो हाच.

आज दुर्मीळ नोंदी का वाढल्या?

आता बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. ‘ई-बर्ड’सारख्या संगणकीय नोंदवहीत जगभरचे निरीक्षक आपापल्या याद्या भरतात. दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी वाढल्या आहेत. पण म्हणून तसे पक्षीच वाढले, असे लगेच म्हणता येत नाही. कारणे अनेक संभवतात.

एक, पाहणारे वाढले. पूर्वीही येत असलेला पक्षी आता नजरेस पडतो. दोन, वादळे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळाने तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्याला तडाखा दिला होता. खोल समुद्रावर राहणारे पक्षी अशा वादळांत किनाऱ्याकडे ढकलले जातात. तीन, पहिल्यांदाच स्थलांतर करणारी पिल्ले दिशा चुकतात. चार, जातीचा वावर खरोखर बदलतो. पाच, ओळखण्यातच चूक होते. हिवाळी पिसाऱ्यातले चिखल्या आणि लहान वयाचे कुरव जाणत्यांनाही चकवतात.

सहावे कारण गमतीचे आहे. पक्षी तोच राहतो आणि नाव बदलते. आपल्या किनाऱ्यावर नेहमी दिसणाऱ्या छोट्या चिखल्याचे २०२२ साली सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जातींत विभाजन करण्यात आले. आपल्याकडे येतो तो मुख्यतः तिबेटी. त्यामुळे कालपर्यंत ज्याकडे कुणी वळून पाहिले नसते असा चिखल्या, तो सैबेरियन ठरल्यास, आज दुर्मीळ म्हणून नोंदला जाईल.

नेहमीच्या पक्ष्यांची मोजदाद

या सहांपैकी खरे कारण कोणते, हे ओळखण्यासाठी नेहमीच्या पक्ष्यांची नियमित मोजदाद हाताशी लागते. आणि तीच आपल्याकडे तोकडी असते. एकेकाळी कोकणात सहज दिसणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड किती वेगाने कमी होत आहे, हे प्रथम लक्षात आले ते राजस्थानात भरतपूरला. तिथे घरट्यांची मोजणी चालू होती. १९८७-८८ मध्ये ३५३ असलेली घरटी १९९६ मध्ये १५० वर आली आणि पुढे तीही संपली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारण असल्याचे २००४ मध्ये कळले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. नेहमीचा म्हणून कुणीच मोजला नसता, तर तो गेल्याचे कळायलाही आणखी उशीर झाला असता.

हे काम शाळेला जमण्यासारखे आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. तेच सूत्र ठेवून ठरावीक किनारा, ठरावीक वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहून, दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची संख्या मांडावी. ओळख पटली नाही तर ‘कुरव, जात अनिश्चित’ असेच लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. ‘आज एकही दिसला नाही’ हेही लिहावे. वहीची एक प्रत शाळेत आणि दुसरी अन्यत्र ठेवावी. अशी वही दहा वर्षे चालली, तर एखाद्या हिवाळ्यात पुळणीवर अनोळखी पक्षी उतरल्यावर तो दुर्मीळ आहे की नाही, हे त्या शाळेतली मुलेच पुराव्यानिशी सांगू शकतील.