आधी माप, मग पिस्टन

श्रोतेहो, मोटारसायकल निळा धूर सोडू लागली, चढाला दम टाकू लागली, की मेस्त्री इंजिन उघडून म्हणतो, "पिस्टन बदलायला पायजे." आपण लगेच दुकान गाठतो आणि स्वस्तातला पिस्टन मागतो. घोटाळा होतो तो इथेच. कारण पिस्टनचे माप सिलिंडरने आधीच ठरवून ठेवलेले असते.

हे दुखणे फार जुने. जेम्स वॅटने १७६९ साली वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. पण नीट गोल सिलिंडर मिळेना, पिस्टनच्या बाजूने वाफ निसटे. तोफा कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने ती अडचण सोडवली. त्याने कोरलेल्या ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, असे वॅटच्या भागीदाराने १७७६ साली कौतुकाने लिहिले. आज तेवढ्या फटीत आपले इंजिन सुरूच होणार नाही!

पूर्वी पिस्टन बहुधा बिडाचे असत. १९१३ साली बेंटले नावाच्या इंग्रज गृहस्थाला फ्रान्समधल्या एका कारखान्यात टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिस्टन दिसला. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला! त्यावरून त्याने मोटारीला तसले पिस्टन बसवले. वजन घटले, उष्णता लवकर बाहेर पडू लागली. पण अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगते. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे : ७० मिलिमीटरचा तुकडा २०० अंशांनी तापला, तर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.३२ मिलिमीटर वाढते आणि बीड ०.१५. म्हणून मिश्रधातूत सिलिकॉन घालतात, आणि तरीही फट ठेवावीच लागते. ती कमी पडली की पिस्टन जाम.

जाम म्हणजे काय, हे आपल्या कोल्हापूरला सांगायला नको. नदीकाठचे ऑइल इंजिन बंद पडले की ऊस वाळायचा. त्या गरजेवरच उद्यमनगरातले लेथ आणि फौंड्र्या वाढल्या. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे अजून आदराने घेतली जातात. १९७७ साली तर मेनन पिस्टन्स ही कंपनीच इथे स्थापन झाली. दुरुस्ती करणारे गाव पिस्टन घडवू लागले.

आता घरच्या गाडीचे पाहा. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा असा दोन्ही अंगांनी मोजून घ्या. झीज बहुधा वर, रिंगा जिथून परततात तिथे जास्त असते. झीज हद्दीत असेल आणि पिस्टन धड असेल, तर नुसत्या रिंगांवर भागते. नाहीतर ओरखडे निघतील एवढाच पुढचा ओव्हरसाइज घ्या. उगाच मोठा घेतलात तर पुढची बोअरिंग आजच खर्च झाली. पिस्टन हातात आल्यावर तो मोजायचा, कंपनीने सांगितलेली फट त्यात मिळवायची, आणि मग त्या मापाला बोअर करायचा. आधी बोअर करून मागून पिस्टन शोधू नका. नवा पिस्टन जुन्याशेजारी तराजूत टाका. वजनात मोठा फरक असेल तर गाडी थरथरेल, तो परत करा. शेवटचा ओव्हरसाइजही संपला असेल, तर उद्यमनगरात नवे लायनर बसवून पुन्हा मूळ मापावर येता येते, मात्र तुमच्या सिलिंडरला ते चालते का, हे आधी विचारा.