तळटीप ७ : लोअर परळमधील अक्षांश-रेखांशांविषयी

या प्रकरणातील गिरण्यांच्या जागा हातातल्या जीपीएस यंत्रावर नोंदवलेल्या आहेत. टॉवरांच्या दाटीतले काही बिंदू नकाशावर रस्त्याच्या पलीकडे पडतात. ते मागाहून सरकवणे योग्य वाटले नाही, म्हणून मूळ आकडेच छापले आहेत. जागा ठरवायला यंत्राला एकाच वेळी किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारे हे क्षीण सिग्नल काँक्रीटपुढे अडतात. त्याहून फसवा असतो तो काचेच्या दर्शनी भिंतीवर आपटून आलेला सिग्नल : तो ३० मीटर जास्त फिरून आला, तर यंत्र त्या उपग्रहाला तेवढेच अधिक दूर समजते. उंच इमारतींमध्ये मोकळे आकाश उरते ते रस्त्याच्या लांबीच्या दिशेने, त्यामुळे मोठी चूक होते ती आडव्या दिशेत. (पडद्यावरचा ‘अचूकता ५ मीटर’ हा आकडाही यंत्राचा अंदाजच, अशा गल्लीत तो फार मनावर घेऊ नये.) मोबाइल आसपासच्या वाय-फायचा आधार घेतो, साध्या यंत्राला तो नसतो. एल-१ या नेहमीच्या वारंवारतेसोबत एल-५ या दुसऱ्या वारंवारतेच्या लहरी घेणारी यंत्रे परावर्तित सिग्नल बरेच चांगले ओळखतात. या जागा स्वतः शोधणाऱ्या वाचकाने यंत्र मोकळ्या मैदानात सुरू करावे, मिनिट-दोन मिनिटे थांबावे, मग शक्यतो चौकात उभे राहून नोंद घ्यावी. आणि गिरणीची चिमणी समोर दिसत असेल, तर आकड्यापेक्षा चिमणीवर विश्वास ठेवावा. — संपादक