हेमाडपंतांचे पणजोबा

आमच्या सिन्नरचा गोंदेश्वर आम्ही पाहुण्यांना बिनदिक्कत 'हेमाडपंती' म्हणून दाखवतो. बहुतेक अभ्यासक मात्र ते देऊळ हेमाडपंतांच्या आधीचं मानतात! असो.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, महादेव यादवाचे (१२६१-७१) श्रीकरणाधिप. आपल्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या अवाढव्य धर्मग्रंथात त्यांनी यादवांची वंशावळ पार चंद्रापर्यंत नेली आहे. (धन्याचं कुळ म्हटल्यावर हात आखडून कसं चालेल?) स्वतःच्या घराण्याची नोंद अशी: वत्स गोत्र, वडील कामदेव, आजोबा वासुदेव, पणजोबा वामन.

गोत्र आणि तीन पिढ्या... श्राद्धात आपणही एवढंच म्हणतो ना? याच ग्रंथात श्राद्धाचं मोठं प्रकरणही आहे. आमच्या घरची वंशावळ लिहायला घेतली, तर तीही पणजोबांपाशीच अडली आहे. काका-आत्यांनो, वामनाच्या आधीचं कुणाला आठवतंय?