ओलपाडचा खटला आणि बुलढाण्याची लेखणी

बडोद्याहून मुंबईकडे जाताना सुरत येण्याच्या आधी कीम आणि सायण ही दोन स्टेशनं लागतात. आपली गाडी बहुधा तिथं थांबत नाही. ही दोन्ही स्टेशनं ओलपाड तालुक्यातली. या मार्गाने मी आयुष्यात किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही, पण मराठीतल्या एका फार मोठ्या पुस्तकाचं मूळ या तालुक्यात आहे हे मला वयाच्या साठीनंतर कळलं. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी श्रीमंत सयाजीराव महाराजांवर लेख असतो, आणि तो असावाच. यंदा मात्र जवळच्याच पण जरा आडवाटेच्या विषयावर लिहितो आहे. महाराजही त्यात थोडे येतीलच.

गोष्ट 1881 सालची. ओलपाडची विजयालक्ष्मी ही एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने ते नवजात मूल मारलं. सुरतेच्या कोर्टात खटला चालून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. मूल एकटीचं नव्हतं, पण आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटीच उभी होती. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी हा खटला उचलून धरला. कोणाला दया आली, कोणी विधवाविवाहाच्या कायद्याची आठवण करून दिली. तो कायदा 1856 पासून पुस्तकात होता, घरात आला नव्हता. ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने मात्र विजयालक्ष्मीवर लिहिता लिहिता सगळ्या स्त्रीजातीवरच घसरायला सुरुवात केली. बायका नव्या जमान्यात बिघडल्या, त्यांची नीती सुटली, असा एकूण सूर.

हा मजकूर वऱ्हाडात बुलढाण्याला एका बाईंच्या वाचनात आला. त्यांचं नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. चार भावांत ही एकुलती बहीण. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी देणं हेच धाडस होतं, त्या काळात बापूजींनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न झालं तेही घरजावई आणून. पुढे वैधव्य आलं, मूलबाळ नव्हतं. मराठा घराण्यातल्या गोषाची बंधनं होतीच. आपण चार भिंतींत कोंडलेली बाई आहोत, जग फारसं पाहिलेलं नाही आणि लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे, हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे.

‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक मी प्रथम वाचलं तेव्हा त्यातल्या विचारांच्या आधी भाषेनेच मला धरून ठेवलं. एकोणिसाव्या शतकातलं मराठी गद्य म्हटलं की आपल्याला चिपळूणकरांची लांबलचक, इस्त्री केलेली वाक्यं आठवतात. ताराबाईंची भाषा तशी नाही. ती माजघरातली आहे, म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेली, मध्येच देवाला जाब विचारणारी, मध्येच पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून खडसावणारी. वाक्याला पूर्णविराम कुठे द्यायचा याची फिकीर नाही, कारण श्वास कुठे घ्यायचा हे तिला ठाऊक आहे.

आणि युक्तिवाद? तो साधा आहे म्हणूनच अडचणीचा आहे. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? एकेक घेऊन पाहू या. कपट, साहस, अविचार, चंचलपणा, सगळे आरोप त्या ओळीने मांडतात आणि आरसा फिरवतात. नवरा गेला तर बायकोने केस उतरवायचे, जाडंभरडं नेसायचं, मंगल कार्यात तोंड दाखवायचं नाही. मग बायको गेली तर नवऱ्याने मिशा उतरवून रानात का जाऊ नये? तो दहाव्या दिवशी दुसरी कशी आणतो? ज्या शास्त्रांत हे लिहिलं, ती लिहिली कोणी? सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला म्हणून तिची पूजा करता, पण बायकोचे प्राण मागायला यमाच्या दारी गेलेला एक तरी नवरा पुराणात दाखवा. हा प्रश्न वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि खरोखरच आठवून पाहिलं. सापडला नाही.

त्यातला आणखी एक भाग मला महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा कमी होते. ताराबाईंनी आपल्या काळातली लोकप्रिय पुस्तकं बारकाईने वाचलेली होती. ‘स्त्रीचरित्र’, हळब्यांची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ नाटक यांतल्या बायका कशा रंगवल्या आहेत, लेखकांना स्त्रीविषयी नेमकं काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा त्या समाचार घेतात. बुलढाण्यात बसून एक बाई पुण्या-मुंबईच्या लेखकांचं साहित्य तपासते आहे! मराठीतल्या समीक्षेचा इतिहास सांगताना आपण हे पान सहसा उलटत नाही.

त्याच 1882 सालात पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ निघालं. रमाबाईंनी तिथे स्त्रियांना उपदेश केला होता. ताराबाईंनी उपदेश कोणालाच केला नाही, त्यांनी पुरुषांना जबानीला उभं केलं. अर्थातच गदारोळ झाला. टीका करणाऱ्यांत सनातनी होते यात नवल नाही, पण सत्यशोधक वर्तुळातलेही काही होते. हे मुद्दाम सांगतो, कारण सुधारकांच्या घरातलं माजघरही बहुतेक वेळा जुनंच असतं.

इथे जोतीराव फुले येतात. फुल्यांना हा विषय पुस्तकातून कळला नव्हता. पुण्यात एका परिचिताकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने असंच मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यानंतर 1863 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. 1884 च्या टिपणात फुल्यांनी तोवर तिथे बाळंत झालेल्या विधवांची संख्या 35 दिली आहे. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतलं. म्हणजे ओलपाडच्या विजयालक्ष्मीची गोष्ट त्यांच्या घराच्या ओसरीवर वीस वर्षं घडत होती. ताराबाईंचं पुस्तक हाती आल्यावर ते कशाबद्दल आहे हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं.

1885 साली फुल्यांनी ‘सत्सार’ या नावाने दोन लहान पुस्तिका काढल्या. त्यांतल्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यांना ‘चिरंजीविनी’ म्हटलं, त्यांच्या पुस्तकाची टिंगल करणाऱ्यांना सुनावलं आणि आपल्या सहकाऱ्यांना ते वाचायची शिफारस केली. ‘सत्सार’ काढताना फुले साठीला टेकले होते, स्वतः टीकेने घेरलेले होते. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टर उडवलेली होती. तरीही आपल्याच माणसांशी वाकडं घेऊन त्यांनी एका लेखिकेसाठी जागा खर्ची घातली.

याच 1885 सालात पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरली. पहिली 1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने भरली होती. आज आपण ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची ही सुरुवात. लेखकांनी लेखकांना ओळखावं, एकमेकांची पुस्तकं पोचावीत, हा हेतू चांगलाच होता. 1885 च्या सभेचं आमंत्रण रानड्यांनी फुल्यांना पाठवलं आणि फुल्यांनी यायला नकार दिला. ज्यांना सर्व माणसांचे हक्क मनापासून द्यायचे नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र पुढे ‘ज्ञानोदया’त छापून आलं.

या पत्राबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं असतात. रानड्यांवर थोडा अन्याय झाला असं मलाही वाटतं. 1875 मध्ये स्वामी दयानंदांच्या पुण्यातल्या मिरवणुकीत विरोधकांच्या दंग्याला न जुमानता रानडे आणि फुले बरोबर चालले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. पण ‘सत्सार’ आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचलं की दुसरी बाजू दिसते. ग्रंथकार कोणाला म्हणायचं हा प्रश्न फुले विचारत होते, आणि नुसता विचारत नव्हते. नऊ आण्याच्या एका पुस्तकाकडे बोट दाखवून त्याचं उत्तरही देत होते.

महाराजांचं सांगतो. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहून काढला, तेव्हा तो निरनिराळ्या गावी वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांत आपले सयाजीराव महाराजही होते, आणि याचा कृतज्ञ उल्लेख फुल्यांनी पुस्तकाच्या उपोद्घातात केला आहे. वीस-एकवीस वर्षांचा राजा, नुकताच गादीचा कारभार हाती घेतलेला, आणि समोर राज्यकर्त्यांवरच कोरडे ओढणारा ग्रंथ. पुढे फुले आजारी पडले तेव्हा महाराजांनी त्यांना पैशाची मदत केली. लिहिणाऱ्याला त्याच्या हयातीत ओळखणं म्हणजे काय, याचा हा आपल्या गावाशी जोडलेला दाखला आहे.

ताराबाईंच्या वाट्याला हे भाग्य फार थोडं आलं. त्यांचं दुसरं पुस्तक निघालं नाही. ‘सत्सार’ नंतर ‘स्त्री-पुरुष तुलना’ जवळजवळ नव्वद वर्षं कोणाच्या बोलण्यात नव्हतं. 1975 साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. योगायोग असा की त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत होत्या. त्याआधी संमेलनाच्या अध्यक्षपदी एकच स्त्री बसली होती, 1961 मध्ये ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. हा मान महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गावाचा, हे ग्वाल्हेरकरांनी अभिमानाने सांगावं. पुढे विलास खोले यांनी ‘तुलने’ची संपादित आवृत्ती काढली. हैदराबादच्या सूझी तारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्री-लेखनाच्या संग्रहात तिचा भाग घेतला, आणि 1994 मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी संपूर्ण पुस्तक इंग्रजीत नेलं. आता विद्यापीठांत ते अभ्यासाला आहे. माझ्या नातीला ते तिच्या कॉलेजात इंग्रजीतून भेटलं, आणि ‘आजोबा, हे मूळ मराठीत आहे म्हणे’ असं तिने मला विचारलं. या लेखाची सुरुवात खरी तिथे आहे.

मी मूळ पुस्तक मागवलं आणि दुपारी जेवणं झाल्यावर घरात मोठ्याने वाचायला लागलो. माझी बहीण, वय पंच्याऐंशी, पलंगावर पडून ऐकत होती. विधवांच्या केशवपनाचा भाग आला तशी ती उठून बसली आणि म्हणाली, “आत्यासुद्धा असंच बोलायची.” आमची ही चुलत आजेआत्या. अकराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची साठ वर्षं लाल आलवणात, आमच्या मांडवी भागातल्या जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत राहिली. आमच्या पाच पिढ्यांची मुंज, लग्नं, मोदक तिच्या हातचे. मोदक सोवळ्यात तिने करायचे, पण आरतीला पुढे यायचं नाही. मी तिला पाहिलं आहे. माझ्या आठवणीत ती कायम पाठमोरी आहे, चुलीकडे तोंड करून. बहिणीच्या आठवणीत ती बोलते. पुरुष घराबाहेर गेले की बोलायची आणि ऐकणाऱ्या मुली हसून लोळायच्या, असं बहीण सांगते.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. मी तो काढून पाहिला. आत्याच्या वडिलांच्या नावापुढे तीन मुलगे नावानिशी दिले आहेत आणि शेवटी ‘कन्या 1, बालविधवा’ एवढंच. नाव नाही. बहिणीला ते ठाऊक होतं. द्वारका. नवी आवृत्ती निघणार आहे असं ऐकतो, म्हणून संपादकांना पत्र टाकलं आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.

दरम्यान नातीने ‘तुलना’ मराठीतून वाचायला घेतली आहे. काही शब्द अडतात, मग ती बहिणीकडे जाते. परवा तिने विचारलं की विजयालक्ष्मीच्या खटल्यात त्या पुरुषाचं काय झालं. बहीण म्हणाली, “त्याचं काय व्हायचंय?” आणि दोघी पुढच्या पानाकडे वळल्या.