ढोंग की दुखणे?

मास्तरकीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीचा उजवा हात वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एकाएकी लुळा पडला. डॉक्टरांना हाताची हाडे, स्नायू सारे धडधाकट आढळले. मी भर वर्गात म्हणालो, "आता ढोंग पुरे कर!" ती रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. पुढे तिने शाळा सोडली. त्या नजरेचा अर्थ शोधता शोधता, पुष्कळ वर्षांनी, मी बेर्था पापेनहाइमच्या कहाणीपाशी येऊन पोहोचलो.

बेर्था १८५९ साली व्हिएन्नातील एका सुखवस्तू ज्यू घरात जन्मली. बुद्धी तल्लख, पण मुलींना तेथे विद्यापीठाचे दार बंद. १८८० साली वडील अंथरुणाला खिळले. त्यांच्या उशाशी रात्री जागता जागता तिलाच दुखण्याने घेरले. उजवा हात लुळा पडला, दृष्टी बिघडली. पुढे पुढे मायबोली जर्मन तोंडातून उमटेना, ती केवळ इंग्रजी बोले. कधी ती शहाणीसुरती असे, कधी भासांत बुडून जाई. आणि भानावर आल्यावर मधला काळ हरवल्याची तक्रार करी.

अशा दुखण्याला हिस्टेरिया म्हणत. हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. म्हणजे दोष बाईच्या जातीचाच! पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी तो पुरुषांनाही होतो, हे दाखवून दिले खरे. तथापि त्यांच्या व्याख्यानांत रोगी स्त्रिया श्रोत्यांपुढे उभ्या केल्या जात. पाहणारे पुष्कळ होते, ऐकणारे थोडे.

व्हिएन्नाचे डॉक्टर योझेफ ब्रॉयर मात्र ऐकत बसले. ऐन उन्हाळ्यात बेर्था कित्येक आठवडे पाण्याचा पेला ओठांना लावीना. फळांवर तहान भागवी. एकदा संमोहनात तिने सांगून टाकले, की इंग्रज सोबतिणीचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला होता आणि सभ्यपणापायी ती गप्प राहिली होती. दाबलेली किळस बोलून झाली, तिने पाणी मागितले आणि ती पोटभर प्याली. या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले.

१८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी 'अ‍ॅना ओ.' या नावाने तिची हकीकत छापली आणि ती बरी झाल्याचे लिहिले. कादंबरीकाराला याहून गोड शेवट कोणता हवा? परंतु १९७२ साली एलेनबर्गर या इतिहासकाराने जुने कागद उजेडात आणले: उपचार संपताच, १८८२ सालीच, तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात ठेवावे लागले होते. मला चुटपुट लागली. मग पुढचे वाचले. हीच बेर्था १९०४ साली जर्मनीतील ज्यू महिला संघाची संस्थापक झाली. १९०७ साली तिने निराधार मुली आणि कुमारी मातांसाठी घर उघडले आणि मुलींच्या विक्रीविरुद्ध ती अखेरपर्यंत झगडली. १९३६ साली ती वारली. १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिच्या नावे टपाल तिकीट काढले.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या रोगसूचीतून हिस्टेरिया हे निदानच काढले. स्मृती आणि भान तुटणे हा एक गट झाला, शरीराने दुःख बोलणे हा दुसरा. २०१३ सालापासून तर नुसते 'तपासणीत काही सापडले नाही' एवढ्यावर शारीरिक लक्षणांच्या विकाराचे निदान करीत नाहीत. त्या लक्षणाने माणूस किती ग्रासला आहे, हे पाहतात. जाणूनबुजून केलेले सोंग निराळे, हे दुखणे निराळे.

माझ्या त्या विद्यार्थिनीला काय झाले होते, हे मी आज सांगू शकत नाही. मी तिला विचारलेच नव्हते.