डब्यातली भाषा

आजच्या भागात आवाज माझ्या ताईचा आहे, पण लिहिलंय मी. त्यामुळे तिच्या तोंडी 'मी गेलो, मी आलो' ऐकून गोंधळू नका. मी जन्मापासून बहिरा आहे. पॉडकास्ट मी ऐकत नाही, वाचतो. आजचा इतिहास माझ्या भाषेचा आहे.

मी पामचा, म्हणजे बोईसर-तारापूरकडचा. लहानपणी मला ओठ वाचायला शिकवलं. आता आरशासमोर उभे राहा आणि 'पाम', 'बाम', 'माप' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. माझं गाव, डोकेदुखीचं औषध आणि दुकानदाराचं माप, मला सगळं एकच! बाकी अंदाजाने ओळखायचं. वर्गात हात उचलून खूण केली की बाई म्हणायच्या, "हात खाली!" आईलाही कोणीतरी सांगितलं होतं, की खुणा केल्या तर मुलगा बोलणारच नाही. तिने ते मनावर घेतलं. माझ्या तोंडासमोर मेणबत्ती धरून ती 'प' घोटून घ्यायची. ज्योत हलली की 'प' बरोबर. ज्योत हलायचीसुद्धा. पण आज शाळेत काय झालं, हे मला तिला कधी नीट सांगता आलं नाही.

हे 'हात खाली' आलं कुठून? १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. ठराव झाला, की मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणांनी नाही. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी शाळांतून सांकेतिक भाषा गेली, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. त्याच दशकात बिशप लिओ मेउरिन यांनी मुंबईत बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची ही शाळा देशातली पहिली मानतात. पुढे देशभर अशा शाळा निघाल्या आणि बहुतेकींत तोंडी पद्धतच रुजली.

पण वर्गात बंद झालेली भाषा मेली नाही. वसतिगृहात, शाळेच्या फाटकाबाहेर, स्टेशनवर मुलांनीच ती एकमेकांना शिकवली. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ (हे स्वतः बहिरे), जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन या अभ्यासकांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूरुच्या खुणा गोळा केल्या. शब्दांत फरक होता, पण भाषेची घडण एकच निघाली. उदाहरणार्थ, 'कुठे', 'काय' हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि प्रश्न विचारताना भुवयाही बोलतात. म्हणजे हे नुसते हातवारे नव्हेत, याला व्याकरण आहे.

मला ही भाषा भेटली तेविसाव्या वर्षी, लोकलमध्ये. बी.टेक. झालं, मुंबईत कोडिंगची नोकरी लागली. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, म्हणून बोईसरहून जाणं-येणं कसंबसं जमायचं. एकदा विरारला गाडी बदलून अपंगांच्या डब्यात चढलो, तर समोर चार-पाच जण हातांनी भांडत होते. विषय क्रिकेट! एकाने मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. माझे हात सवयीने खिशातच होते. माझ्यासारख्याच माणसांत मी परका होतो, याची फार लाज वाटली. त्यांनी मात्र सरकून जागा दिली आणि रोज थोडं थोडं शिकवलं.

ॲनेलिस कुस्टर्स या बेल्जियमच्या बहिऱ्या संशोधिकेने २००९ साली मुंबईच्या याच डब्यांवर लेख लिहिला. बहिरी माणसं ठरवून ठरावीक गाडी पकडतात, एकमेकांसाठी थांबतात, गप्पा संपल्या नाहीत तर आपलं स्टेशन सोडून पुढे जातात. वाचून हसूच आलं. अंधेरीला उतरायचं सोडून मीही कितीदा दादरपर्यंत गेलोय!

२०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. १३० वर्षं लागली. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी केंद्र सुरू झालं. त्यांचा २०१८ चा कोश ३,००० शब्दांचा होता, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला.

हे सगळं मी आईला लिहून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने लिहिलं, "म्हणजे मी एवढी वर्षं चुकले?" मी लिहिलं, "तू नाही चुकलीस. तुला चुकीचं सांगितलं." आता ती मोबाईलवर बघून खुणा शिकतेय. परवा तिने अडखळत हाताने विचारलं, शाळेत तेव्हा काय व्हायचं? वीस वर्षं उशिरा का होईना, मी सांगितलं. चहा गार झाला.

जाता जाता, डब्यातल्या मित्रांनी मला खुणेचं नाव दिलंय. माझी चष्मा वर सरकवायची सवय आहे ना, तेच नाव. ताईला ते वाचून दाखवता येणार नाही. चष्म्याच्या दांडीवर बोट ठेवा आणि वर ढकला. झालं, हाक मारलीत मला.

भेटू पुढच्या भागात!